सगळ्यांना सारखंच, पण कोणासारखं?

२०२५ च्या मार्च महिन्यात न्यूझीलंडच्या आरोग्य खात्यानं तिथल्या जनतेला काही प्रश्न विचारले. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या परिषदांचे नियम सुटसुटीत करावेत, असं सरकारच्या मनात होतं. त्यातला एक प्रश्न असा होता, की या परिषदांनी उपचार नीट होताहेत ना एवढंच बघावं, की नर्सला-डॉक्टरला पेशंटच्या संस्कृतीची जाण आहे का, हेही तपासत बसावं? प्रश्नाचा रोख कुठे होता ते वेगळं सांगायला नको.

आता म्हणाल, न्यूझीलंडच्या नियमांशी आपलं काय देणंघेणं? आहे थोडंफार. तिथे काम करणाऱ्या नर्सेसपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणी परदेशात शिकून आलेल्या आहेत आणि त्यात सगळ्यात जास्त भरणा आहे तो भारत आणि फिलिपिन्स या दोन देशांमधल्या मुलींचा. पूर्वी ही वाट केरळच्या मुलींची मानली जायची. हल्ली आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावातही परदेशी नर्सिंगच्या क्लासचे बोर्ड दिसतात आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीची आईसुद्धा ‘आयईएलटीएस’ हा शब्द न अडखळता उच्चारते. या मुलींना तिथे गेल्यावर जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात हा विषय असतोच.

पण मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. हा विषय ज्या बाईंनी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आणला (विरोधकांच्या भाषेत ‘घुसवला’), त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या तालुक्याच्या दवाखान्यालाही तेवढाच लागू आहे.

त्यांचं नाव इरिहापेती रॅम्सडेन. पण त्यांच्याआधी अमेरिकेतल्या एका प्राध्यापिकेबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा विचार नर्सिंगमध्ये पहिल्यांदा मांडला तो त्यांनी.

मॅडेलिन लायनिंगर यांचा जन्म १९२५ सालचा, नेब्रास्का राज्यातल्या सटन नावाच्या छोट्या गावातला. १९५० च्या दशकात त्या सिनसिनाटी शहरात, मानसिक त्रास असलेल्या लहान मुलांच्या एका केंद्रात नर्स होत्या. तिथे वेगवेगळ्या समाजांतली मुलं यायची. लायनिंगर यांच्या लक्षात आलं, की एकाला ज्या पद्धतीनं जवळ घेतलं की शांत वाटतं, तिनेच दुसरं बिथरतं. खाणं, झोपणं, खेळणं, सगळ्याच बाबतीत घरच्या वळणाचा फरक. आणि नर्सिंगच्या पुस्तकात यावर एक ओळ नाही! मार्गारेट मीड या नावाजलेल्या मानववंशशास्त्रज्ञ त्या सुमारास त्याच शहरातल्या विद्यापीठात आल्या होत्या. त्यांच्याशी बोलणं झालं आणि या नर्सबाईंनी थेट मानववंशशास्त्राचाच अभ्यास करायचं ठरवलं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या गाडसप लोकांच्या गावात त्या जाऊन राहिल्या, १९६५ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे वॉशिंग्टन आणि युटा या विद्यापीठांत नर्सिंग विभागाच्या प्रमुख, नंतर डेट्रॉइटमध्ये प्राध्यापिका. १९७४ साली त्यांनी या विषयाची संस्था काढली, १९८९ साली नियतकालिक. २०१२ साली त्या गेल्या, तोपर्यंत हा विषय जगभरच्या नर्सिंग कॉलेजांत पोचला होता. आपल्याकडच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलीही त्यांचं नाव परीक्षेपुरतं का होईना पाठ करतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते. पेशंटच्या चालीरीतींपुढे नर्सला तीन वाटा असतात. जे चांगलं आहे ते तसंच राहू द्यायचं, जे थोडं बदललं तर चालेल त्यात मधला मार्ग काढायचा, आणि जे खरोखर घातक आहे ते घरच्यांना सोबत घेऊन बदलायचं. आपल्या बाळंतिणीचंच बघा ना. डिंकाचे लाडू, आळीव, अंगाला तेल, यात नर्सनं नाक खुपसायचं कारण नाही. शेक-शेगडी हवी असेल तर खोलीत धूर कोंडू न देता ऊब कशी देता येईल, ते सांगायचं. पण पहिला चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवायचा हट्ट असेल, तर तिथे मात्र आजीला समजावायचं. आजीला, हं! आजीला वगळून सुनेला समजावलं, की नर्सची पाठ वळल्यावर मधाचं बोट बाळाच्या तोंडात जातंच.

इथपर्यंत सगळं छान. पण असा विचार पुस्तकात शिरला की त्याची यादी होते. हिंदू असेल तर हे, मुसलमान असेल तर ते, चिनी असेल तर आणखी काही. परदेशातल्या एखाद्या वॉर्डात अशी यादी हातात घेतलेली नर्स मालवणातल्या बाईपुढे मोठ्या आदरानं उकडलेल्या भाज्या ठेवेल, कारण यादीत ‘हिंदू - शाकाहारी’ लिहिलेलं! आणि ती बिचारी माशाच्या तिखल्याची आठवण काढत बसेल. यादी करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण यादीमुळे समोरचं माणूस दिसायचं राहून जातं. शिवाय आणखी एक. यादीत नेहमी ‘त्यांची’ संस्कृती असते. ‘आपली’ कधी नसते. जणू नर्सला, डॉक्टरला, हॉस्पिटलला संस्कृती नसतेच!

रॅम्सडेन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं.

त्यांचा जन्म १९४६ सालचा. आई माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळच्या लोकांपैकी. वडील गोरे, पत्रकार. घरातच दोन जगं होती म्हणा ना. वेलिंग्टनच्या रुग्णालयात त्या नर्सिंग शिकल्या, पुढे मानववंशशास्त्र शिकल्या आणि नर्सिंग शिकवू लागल्या. माओरी माणसं आजार अंगावर का काढतात, दवाखान्यात उशिरा का येतात, आली तर अर्धवट उपचार टाकून का जातात, हे कोडं त्यांच्यासमोर होतं. माओरी माणसाचं सरासरी आयुष्य तिथल्या इतरांपेक्षा आजही सुमारे सात वर्षांनी कमी आहे. गरिबी हे त्याचं एक कारण आहेच. पण ज्या देशात सरकारी उपचारांची सोय एवढी चांगली, तिथे माणसं दवाखान्याची पायरी चढायला का बिचकतात?

काही गोष्टी आपल्याला चटकन कळतील अशा आहेत. माओरी लोकांत डोकं पवित्र मानतात. पायाखाली घेतलेली उशी डोक्याखाली द्यायची नसते. अंगाशी संबंध येणाऱ्या वस्तू जेवणाच्या जागी ठेवायच्या नसतात. आणि हॉस्पिटलात काय व्हायचं? ज्या फिरत्या टेबलावर जेवणाचं ताट, त्यावरच कधी कंगवा, कधी लघवीचं भांडं. उष्ट्या-खरकट्याचा विचार करणाऱ्या आपल्या बायकांना त्या पेशंटच्या पोटात कसं ढवळत असेल, ते सांगायला हवं का? (आपल्या सोवळ्या-ओवळ्यानं माणसांनाही बाटवलं, ती गोष्ट वेगळी, तिची भलामण मी करत नाही.)

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. माओरी भाषेत जमिनीला ‘फेनुआ’ म्हणतात आणि बाळाच्या वारेलाही ‘फेनुआ’च म्हणतात. शब्द एकच! वार आपल्या पूर्वजांच्या जमिनीत पुरली, की बाळाचं त्या मातीशी नातं जोडलं जातं. आपल्याकडे खेड्यात वार पुरतात, तेव्हा तीही कोणी कुठेही भिरकावून देत नाही. हॉस्पिटलच्या लेखी मात्र वार म्हणजे जाळून टाकायचा कचरा. बाईला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. नियम सगळ्यांना सारखा.

‘सगळ्यांना सारखंच’ या वाक्यावरच रॅम्सडेन अडल्या. नर्सला शिकवलं जायचं, की जात, धर्म, वर्ण काही न बघता सेवा करा. ऐकायला किती चांगलं वाटतं! पण सारखं म्हणजे कोणासारखं? ज्यानं नियम केले, त्याच्यासारखं. भेटायला एका वेळी दोनच माणसं, हा नियम छोट्या कुटुंबात वाढलेल्या माणसानं केला. ज्यांच्यात आजारी माणसाला एकटं सोडणं हाच अपमान, त्यांना तो शिक्षेसारखा वाटतो. म्हणून त्या म्हणायच्या, न बघता नको, बघून सेवा करा. तो माणूस कोण आहे ते बघा आणि त्याच्याही आधी तुम्ही स्वतः कोण आहात ते बघा.

१९८८ साली ख्राइस्टचर्च शहरात माओरी नर्सेसची एक सभा भरली होती. चर्चा नर्सिंगच्या शिक्षणाची. तिथे पहिल्या वर्षाला शिकणारी एक माओरी मुलगी उठली आणि म्हणाली, की तुम्ही कायद्याच्या सुरक्षिततेबद्दल बोलता, उपचारातल्या सुरक्षिततेबद्दल बोलता, मग संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? रॅम्सडेन यांनी ते शब्द उचलले. ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ हे नाव आज जगभर त्यांच्या नावाशी जोडलं जातं, पण ते आपल्याला एका विद्यार्थिनीकडून मिळालं, हे त्या आवर्जून सांगायच्या. आपल्याकडच्या किती गाइड एवढं मोकळेपणानं सांगतील?

या ‘सुरक्षिततेत’ नवीन काय होतं? मला विचाराल, तर सगळ्यात मोठी गोष्ट ही, की नर्सची सेवा सुरक्षित होती की नाही ते ठरवायचा हक्क त्यांनी पेशंटला दिला. नर्सनं स्वतःची पाठ थोपटून घ्यायची नाही. मॅट्रननं शेरा द्यायचा नाही. ज्या बाईला तुम्ही हात लावलात, तिला तुमच्या हाताखाली कसं वाटलं? ती पुन्हा तुमच्याकडे येईल का? आणि त्यासाठी नर्सनं माओरी रीतिरिवाज पाठ करण्याची गरज नाही. तिनं ओळखायचं ते एवढंच, की गाउन घालून पलंगावर पडलेल्या माणसापेक्षा युनिफॉर्ममध्ये उभ्या असलेल्या आपल्याकडे जास्त ताकद आहे आणि आपल्या मनात काही समजुती घट्ट बसलेल्या आहेत.

१९९२ साली तिथल्या नर्सिंग परिषदेनं हा विषय सक्तीचा केला. नर्सच्या अंतिम परीक्षेचा वीस टक्के भाग त्याला दिला. मग जो गदारोळ उठला, तो विचारू नका! नर्सिंगऐवजी राजकारण शिकवतात, गोऱ्या मुलींना अपराधी वाटायला लावतात, वर्तमानपत्रांत रोज काही ना काही. प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं. परिषदेनं १९९६ साली नियम पुन्हा लिहिले, पण विषय काढून टाकला नाही. उलट संस्कृती या शब्दाचा अर्थ आणखी रुंद केला. फक्त वंश नव्हे, तर वय, बाई की पुरुष, गरीब की श्रीमंत, अपंगत्व, धर्म, परदेशातून आलेलं असणं, लैंगिक ओढ, हे सगळं त्यात आलं. या काळात रॅम्सडेन यांच्यावर वैयक्तिक टीकाही पुष्कळ झाली. त्यांनी आपला सगळा अनुभव प्रबंधात लिहिला, २००२ साली डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी, २००३ च्या एप्रिलमध्ये, स्तनांच्या कॅन्सरनं त्या गेल्या. त्याच वर्षी तिथल्या कायद्यानं आरोग्य क्षेत्रातल्या सगळ्याच व्यवसायांना संस्कृतीची जाण ठेवण्याचं बंधन घातलं. तिथल्या मेडिकल कौन्सिलनं डॉक्टरांसाठी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ हाच शब्द स्वीकारला तो २०१९ साली. म्हणजे नर्सेसनंतर सत्तावीस वर्षांनी! डॉक्टर मंडळी नर्सेसकडून शिकायला एवढा वेळ घेतात, यात मला तरी नवल वाटलं नाही.

आता पुन्हा २०२५ कडे येऊ. २०२३ साली तिथे सरकार बदललं. आधीच्या सरकारनं २०२२ मध्ये माओरी लोकांच्या आरोग्यासाठी वेगळं प्राधिकरण काढलं होतं, ते नव्या सरकारनं २०२४ च्या जूनअखेर बंद केलं. सेवा गरजेनुसार द्यायची, वंशानुसार नाही, ही त्यांची भूमिका. मार्चमधला तो प्रश्न याच रांगेतला.

त्यांच्या बाजूनं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. नर्सेस कमी, पेशंट रांगेत, अशा वेळी आणखी एक कोर्स, आणखी एक सर्टिफिकेट कशाला, हे कोणालाही पटेल. असे कोर्स पुष्कळदा टिकमार्कपुरते उरतात, हेही खरं. ज्यांना सुधारायचंच नाही, ते परीक्षेत बरोबर उत्तर लिहून वॉर्डात हवं तसंच वागतात. पण ‘आधी उपचार बघू, संस्कृतीचं नंतर’ हे वाक्य जेव्हा मी वाचते, तेव्हा मला ते कळत नाही. बाई दवाखान्यात आलीच नाही, तर तुम्ही ब्लडप्रेशर कोणाचं मोजणार? आलेली बाई लाजेनं किंवा भीतीनं पांढरं जातंय हे सांगणारच नसेल, तर तुमचं औषध कशावर देणार? उपचार एका खोलीत आणि माणुसकी दुसऱ्या खोलीत, अशी दवाखान्याची वाटणी करता येत नाही.

हे आपल्याला माओरी लोकांनी सांगायची गरज नाही. माझ्या नणंदेच्या पहिल्या बाळंतपणाला मी एका सरकारी दवाखान्यात सोबत होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी कळा असह्य होऊन ओरडली, तर सिस्टर तिला काय म्हणाल्या ते मी इथे लिहू शकत नाही. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी तेच वाक्य ऐकलेलं असणार. ‘तेव्हा नाही...’ अशी सुरुवात असते त्याची. त्या मुलीच्या अंगावरची साडी, तिची बोली, सोबतीला आलेली अनवाणी सासू, यातूनच सिस्टरनं तिची पायरी ठरवली होती. नणंदेला मात्र ‘ताई’ म्हणाल्या. आमच्याकडे कागदपत्रं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये होती, एवढाच काय तो फरक. दोघींची बाळंतपणं सुखरूप झाली. रजिस्टरमध्ये दोन्ही नोंदी सारख्याच दिसत असतील. पण दुसऱ्या खेपेला ती मुलगी वेळेवर आली असेल का?

आणि त्या सिस्टरबद्दलही सांगायला हवं. रात्रपाळीला त्या एकट्या होत्या. डॉक्टर त्यांच्यावर आमच्यादेखत खेकसले होते. जिचा मान कोणी ठेवत नाही, तिनं दुसऱ्याचा ठेवावा ही अपेक्षा जरा जास्तच. रॅम्सडेन नर्सच्या हातातल्या ताकदीबद्दल बोलल्या ते खरं. पण आपल्याकडे नर्स एकाच वेळी पेशंटच्या वर आणि बाकी सगळ्यांच्या खाली असते. केरळातून आलेल्या सिस्टरच्या मराठीची नक्कल करून हसणारे नातेवाईकही मी पाहिले आहेत.

कागदावर आपल्याकडेही पावलं पडली आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी घरची एक बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ साली परवानगी दिली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आला, त्यात प्रसूतिगृहातल्या सन्मानाच्या वागणुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या घरात कोणी अवघडलेली असेल, तर हे माहीत असू द्या. ‘बाहेर थांबा’ म्हटल्यावर लगेच बाहेर जायचं कारण नाही, नीट शब्दांत विचारा.

कागदाच्या आधीची, विचारून केलेली कामंही आपल्याकडे आहेत. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्राममधला दवाखाना बांधताना तिथल्या आदिवासींनाच विचारलं, की तुमचा दवाखाना कसा असावा? म्हणून तिथे झोपड्यांसारख्या खोल्या झाल्या, नातेवाइकांना पेशंटजवळ राहायची सोय झाली आणि दवाखान्याला नाव मिळालं ते माँ दंतेश्वरीचं, आदिवासींच्या देवीचं. त्यासाठी यादी पाठ करावी लागली नाही, विचारावं लागलं.

न्यूझीलंडला जायची तयारी करणाऱ्या मुलींसाठी आणखी एक. तिथली पद्धत २०२३ च्या डिसेंबरपासून बदलली. पूर्वीच्या काही आठवड्यांच्या कोर्सऐवजी आता आधी ऑनलाइन धडे, मग लेखी परीक्षा आणि शेवटी तिथे जाऊन प्रात्यक्षिक, असा क्रम सुरू झाला. लेखीत औषधांच्या डोसाची गणितं असतात, त्यांना सगळ्या घाबरतात आणि त्यांच्यासाठी क्लास लावतात. सांस्कृतिक सुरक्षिततेचा भाग मात्र ‘सोपा आहे, वाचून होईल’ म्हणून शेवटी ठेवतात. प्रात्यक्षिकात खऱ्या माणसाला पेशंट म्हणून समोर बसवतात आणि तुम्ही आत आल्यावर स्वतःचं नाव सांगता का, हात लावण्याआधी विचारता का, हेही बघतात. ही परीक्षा सुरू झाली ती ख्राइस्टचर्चला, जिथे १९८८ साली ती पहिल्या वर्षाची मुलगी उभी राहून बोलली होती.